‘एकही नसला तरी जास्तच’



काही पुस्तके एकदा वाचून संपत नाहीत. देशाची हवा बदलली की ती पुन्हा हातात घ्यावी लागतात. अर्व्हिंग अबेला आणि हॅरोल्ड ट्रोपर या इतिहासकारांचे ‘नन इज टू मेनी’ हे असेच एक. १९३३ ते १९४८ या काळात कॅनडाने युरोपातील ज्यूंना दार कसे बंद ठेवले, याची ही हकीकत चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी प्रसिद्ध झाली. १९४५ च्या सुरुवातीला पत्रकारांनी एका अधिकाऱ्याला विचारले की युद्धानंतर किती ज्यू घेणार? त्याचे उत्तर तेच पुस्तकाचे नाव झाले. मराठीत त्याचा अर्थ ‘एकही नसला तरी जास्तच’ असा होईल.

लेखक आरडाओरड करीत नाहीत, हा पुस्तकाचा मोठा गुण. ते सरकारी पत्रे आपल्यासमोर ठेवतात आणि बाजूला होतात. इमिग्रेशन खात्याचा प्रमुख फ्रेडरिक ब्लेअर धर्मशील आणि कामात चोख होता. नियम एवढाच, की शेतकरी हवेत. ज्यू शहरी आणि इतरांत न मिसळणारे, असे त्याचे मत. नाझी अमलाच्या बारा वर्षांत पाच हजारांहूनही कमी ज्यू येथे येऊ शकले. १९३९ साली ‘सेंट लुई’ जहाजावरील ९०७ जणांना क्युबा, अमेरिका आणि कॅनडा या तिन्ही देशांनी नाकारले. ते युरोपात परतले आणि त्यांतील २५४ जण पुढे मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली ती ७ नोव्हेंबर २०१८ रोजी.

हे वाचताना मला कोकण आठवले. नौगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून आपले पूर्वज आले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना कोणी भांडवल विचारले नाही. त्यांनी घाणे चालवले, शनिवार पाळला, आणि गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणून आपल्यात धरले. ‘न मिसळणारे’ म्हणजे काय, हे ब्लेअरने अलिबागच्या बाजारात विचारायला हवे होते.

पुस्तकाबद्दल माझ्या दोन तक्रारी आहेत. पहिली, सारे पाप ब्लेअरवर टाकून वाचक सहज मोकळा होतो. त्याच्यामागे मॅकेन्झी किंग यांचे मंत्रिमंडळ उभे होते, हे लेखक सांगतात; पण फायलींतून रस्त्यावरचा माणूस फारसा दिसत नाही. मंत्री ज्यांच्या मतांना भीत होते, ती साधी, सभ्य माणसेच होती. दुसरी, ही गोष्ट एकट्या ज्यूंची नव्हती. चिनी लोकांना १९२३ पासून १९४७ पर्यंत कायद्यानेच बंदी होती. भारतीयांसाठी १९५१ साली ठरलेला कोटा वर्षाला १५० माणसांचा! वंशाची अट १९६२ मध्ये सैल झाली आणि १९६७ मध्ये गुणांची पद्धत आली. मी आणि तुमच्यापैकी बरेच जण त्याच दारातून आत आलो.

म्हणूनच अलीकडे एका शब्बाथला किद्दूशनंतर ऐकलेले बोलणे मला खटकले. “आता पुरे. ही नवी पोरे आपल्यासारखी नाहीत,” असे आपल्यातलेच एक जण म्हणाले. विषय भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांचा होता. घरभाडी वाढली, डॉक्टर मिळत नाही, हे खरे आहे. सरकारनेही २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. किती माणसे घ्यावीत यावर वाद जरूर व्हावा. पण ‘किती’ सोडून आपण ‘कसली’ माणसे म्हणू लागलो, की ब्लेअरच्या टेबलाजवळ जाऊन बसलो. त्या सद्‌गृहस्थांना मी तेव्हा काही बोललो नाही. मास्तर असून गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

‘तुम्ही आमच्यासारखे आहात का?’ हा प्रश्न आपल्याला आपल्याच लोकांनीही विचारला आहे. इस्रायलमध्ये १९६० नंतरच्या काही वर्षांत आपल्या मुलांच्या लग्नांना रब्बींच्या आदेशाने अडथळे आले. लोकांनी यरुशलेममध्ये सत्याग्रह केला, तेव्हा कोठे १९६४ साली सरकारने आपल्याला सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्य केले. ज्यांना हे दिवस आठवतात, त्यांनी तरी तो प्रश्न दुसऱ्याला विचारताना थांबावे.

या पुस्तकाची एक गोष्ट सांगून थांबतो. ते छापले जाण्यापूर्वीच लेखकांनी आपल्या संशोधनावरील लेख तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री रॉन ॲटकी यांना पाठवला होता. १९७९ साल होते आणि व्हिएतनामचे निर्वासित होड्यांतून समुद्रात भटकत होते. ब्लेअरसारखी आपली आठवण राहू नये, असे ॲटकींना वाटले. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत कॅनडाने सुमारे ६०,००० इंडोचायनीज निर्वासित घेतले.

इंग्रजी सोपे आहे. डोळे साथ देत नसतील तर नातवंडांकडून वाचून घ्या. निदान ‘सेंट लुई’ची हकीकत तरी. पुढच्या किद्दूशला त्या सद्‌गृहस्थांना माझी प्रत देणार आहे.