रांदेरला लिहिलेले दोन ग्रंथ

सुरतेच्या उपाश्रयांत वर्षातून दोनदा, चैत्रात आणि आश्विनात, आयंबिलाच्या ओळीचे नऊ दिवस श्रीपाल राजाचा रास वाचतात. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रातल्या दिगंबर घरांत हीच कथा अष्टाह्निकात, सिद्धचक्र विधानाच्या वेळी ऐकतात. कथा सगळ्यांना तोंडपाठ: कुष्ठी श्रीपाल, त्याची बायको मैनासुंदरी, सिद्धचक्राची आराधना, अंगावर अभिषेकाचं पाणी आणि काया निर्मळ. उपाध्याय विनयविजयजींनी हा गुजराती रास संवत १७३८ मध्ये तापीपलीकडच्या रांदेरला लिहायला घेतला. तिसरा खंड चालू असतानाच ते काळधर्म पावले. उरलेला भाग उपाध्याय यशोविजयजींनी पुरा केला.

माझी तक्रार रासाबद्दल थोडी आहे, तो ऐकण्याच्या पद्धतीबद्दल जास्त. आजारी बाई दिसली की म्हणतात, "मैनासारखी श्रद्धा ठेव, सगळं बरं होईल." दोन वर्षं केमोच्या खेपा घालताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, हे मान्य. पण बरं नाही झालं तर? मग अर्थ एकच उरतो, की तुझीच श्रद्धा कमी पडली. म्हणजे रोग्याच्या डोक्यावर दुसरा रोग.

रास नीट वाचला तर तो असं सांगतच नाही. चार खंडांपैकी पहिल्याच खंडात श्रीपाल बरा होतो. पुढे समुद्रप्रवास आहेत, धवल शेठ त्याला समुद्रात ढकलतो, संकटं संपत नाहीत. बरं होणं हाच आराधनेचा शेवट असता तर पुढचे तीन खंड कशाला?

शिवाय पाण्याच्या आधी काय घडतं ते बघा. काकाच्या सैनिकांपासून या पोराला लपवतात ते सातशे कुष्ठरोगी. रोग त्याला त्यांच्याकडूनच लागतो, पण जीवही त्यांच्यामुळेच वाचतो. आई कमलप्रभा औषधासाठी वैद्याच्या शोधात जाते, आणि कवी तिला नावं ठेवत नाही. लग्नाच्या रात्री श्रीपाल मैनेला सांगतो, माझ्यापाशी राहून स्वतःचा देह नासवू नकोस. ती हलत नाही. तिची श्रद्धा तिथे दिसते, गुण येण्याच्या कितीतरी आधी. आजाऱ्याला पहिला दिलासा मिळाला तो माणसांचा. उपाश्रयातून पाण्याची वाटी घरी नेताना हा भाग मागे राहून जातो.

रासात एक गोष्ट मात्र मला पटत नाही. शेवटी पूर्वभव येतो: श्रीपालने राजा असताना एका मुनीला कुष्ठी म्हणून हिणवलं, म्हणून हा भोग. कर्मसिद्धांत मी मानते. असाता वेदनीय कर्म स्वतःकडे बघायला शिकवतं. पण तेच कर्म शेजारणीच्या खाटेकडे बोट करून सांगितलं की त्याचा दगड होतो. १८७३ मध्ये हॅन्सनने कुष्ठाचा जंतू दाखवला. आज कुष्ठ गोळ्यांनी बरा होतो, तरी "मागचं पाप" हे शब्द काही बरे होत नाहीत.

आता दुसरा ग्रंथ. रासाच्या नऊ वर्षं आधी, संवत १७२९ च्या चातुर्मासात, याच रांदेरला याच विनयविजयजींनी 'पुण्यप्रकाशाचं स्तवन' रचलं. हे गंभीर आजाऱ्याला, अखेरच्या दिवसांत ऐकवतात. त्यात दहा अधिकार आहेत: दोषांची आलोचना, व्रतांची आठवण, सर्व जीवांशी क्षमापना, अठरा पापस्थानांचा त्याग, चार शरणं, दुष्कृताची निंदा, सुकृताची अनुमोदना, शुभ भावना, अनशन, नवकार. इथे बरं होण्याचं वचन कुठेच नाही. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुकृताची अनुमोदना. आजारात माणूस स्वतःला नुसतं ओझं समजू लागतो. हे स्तवन त्याला सांगतं, तू केलेलं चांगलंही मोज. अंथरुणावर पडून करता येईल असं काम ते हातात देतं.

एका गावात, एकाच लेखणीने दोन्ही लिहिलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जगण्याची आशा एकीकडे, सोडून देण्याची तयारी दुसरीकडे. आपण मात्र पहिला ग्रंथ चमत्कारासाठी ठेवला आणि दुसरा डॉक्टरांनी हात टेकल्यावर काढायला. त्यामुळे स्तवन म्हणायला घेतलं की घरातले रडायला लागतात, आणि रोगी समजून चुकतो.

माझं म्हणणं साधं आहे. स्तवन धडधाकट असताना म्हणावं. रास ऐकताना मैनेसारखं पाणी शिंपडण्याआधी मैनेसारखं जवळ बसावं. आयंबिलाचं पच्चक्खाण घेण्याआधी आजाऱ्याने डॉक्टरला विचारावं, आणि डॉक्टर नको म्हणाले तर घरच्यांनी तोंड वाकडं करू नये. भाव खाण्यापिण्यावाचूनही करता येतो. आणि श्रद्धा किती आहे हे रिपोर्ट बघून ठरवू नये.