वेस्टमिन्स्टरमधला राक्षस

विज्ञानकथा म्हणजे नुसता यंत्रांचा खडखडाट, असे म्हणणाऱ्या रसिकांपुढे मी नायजेल नील यांची ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ठेवतो. बीबीसीने १९५३ साली ती सहा भागांत दूरचित्रवाणीवर दाखविली. त्यांतले पहिले दोनच आज शिल्लक आहेत; पुढली भिस्त १९५९ च्या छापील संहितेवर. अंतराळात गेलेल्या तिघांपैकी एकच परततो आणि हळूहळू त्याचा राक्षस बनतो. त्याच वर्षी जूनमध्ये जिथे राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला, त्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतच तो ठाण मांडतो. हातमोजे चढवून हा राक्षस हलविला खुद्द लेखकाने! पण प्रोफेसर क्वाटरमास त्याच्यात विरघळलेल्या तिघा माणसांनाच साद घालतात, आणि राक्षस हरतो तो त्या माणसांमुळे. विज्ञानकथेकडून मला तरी याहून अधिक काही नको.