जोड आणि जोडी : दोन खेळाडूंच्या प्रेमकथेचा रूपबंध

१

मराठीतील खेळाचा शब्दसंग्रह पुरुषांमधील निकटतेने भरलेला आहे. आखाड्यात 'जोड' लावली जाते आणि तोच शब्द किंचित बदलून संसारातील 'जोडी' होतो. 'गडी' म्हणजे संघातला खेळाडू, शेतावरचा सालगडी आणि जिवाभावाचा सोबतीही. 'डाव' मैदानात मांडला जातो तसा घरातही मांडला जातो आणि दोन्हीकडे तो मोडतो. एकाच वस्त्रापासून या भाषेने दोन परस्परविरोधी शब्दप्रयोग घडविले आहेत. 'लंगोटीयार' हा मैत्रीची अतूटता सांगतो, तर 'लंगोटाचा पक्का' हा कामवासनेपासूनची सुरक्षित दूरता सांगतो. पुरुषाने पुरुषाच्या किती जवळ जावे आणि कोठे थांबावे याचा संपूर्ण संकेतव्यूहच या दोन प्रयोगांत सामावला आहे.

असे असूनही, मराठी समीक्षेने ज्यांची गंभीरपणे दखल घेतली त्या कादंबऱ्यांत दोन पुरुष खेळाडूंची प्रेमकथा आढळत नाही. या अभावाचे कारण म्हणून सामाजिक निषेधाकडे बोट दाखविणे सोपे आहे आणि ते चुकीचेही नाही. मात्र निषेधामुळे मौन का पाळले गेले एवढेच कळते. मौन मोडावयाचे झाल्यास कोणता रूपबंध हाताशी आहे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. तो वाङ्मयीन प्रश्न आहे. त्याची उकल करण्यासाठी या प्रेमकथेचा एक विशिष्ट प्रकार अधिक उपयोगी ठरतो : ज्यातील दोन नायक एकाच खेळातले नसून दोन वेगळ्या खेळांवर पोट भरणारे आहेत. एकाच खेळातील दोघांच्या प्रेमाला स्पर्धेची सबब मिळते. वेगळ्या खेळांतील दोघांना ती मिळत नाही. त्यामुळे तेथे प्रेमाला स्वतःच्या नावाने बोलावे लागते.

२

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात ठेवून पाहिला असता त्याचे ताणे अधिक स्पष्ट होतात. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये सेगावी, म्हणजे पुढच्या सेवाग्रामी, राहू लागले. आश्रमाच्या एकादश व्रतांत ब्रह्मचर्य, अस्वाद आणि शरीरश्रम ही तिन्ही होती. याच मुलखातील गावोगावच्या आखाड्यांत मारुतीसमोर घाम गाळणाऱ्या पैलवानालाही ब्रह्मचर्याचीच शिकवण होती. मात्र तेथे अस्वादाच्या जागी दूध, तूप, बदाम यांचा खुराक होता. अमरावतीच्या १९१४ मध्ये स्थापन झालेल्या व्यायाम प्रसारक मंडळाने हनुमानाचे नाव धारण केले, यातही विदर्भातील शरीरसाधनेची हीच धारणा दिसते. आश्रम शरीराची मागणी कमी करतो आणि तालीम शरीराची साठवण वाढविते. वाटा उलट असल्या तरी काम ही खर्चाची बाब होय, या हिशेबावर दोघांचे एकमत आहे. जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवरील १९९२ च्या ग्रंथात पैलवानाच्या शरीराचे हे नैतिक अर्थशास्त्र तपशिलाने मांडले आहे.

या हिशेबात स्त्री हा धोका म्हणून नोंदलेला असतो, पुरुष नसतो. म्हणून तालमीतील पुरुष एकमेकांना मालिश करू शकतात, एकाच माती-घामात लोळू शकतात, एका खोलीत निजू शकतात. सर्वाधिक स्पर्श आणि सर्वाधिक संयम यांचे हे सहअस्तित्व कादंबरीकाराला मोठे आशयद्रव्य पुरविते; तसाच तो समीक्षकासाठी सापळाही आहे. प्रत्येक पकडीत दडलेली वासना शोधणारे वाचन आणि कोणत्याही पकडीत ती असूच शकत नाही असे बजावणारे वाचन, ही दोन्ही संहितेपूर्वीच निकाल लावून मोकळी होतात.

या सापळ्याचे उदाहरण वर्ध्याशी संबंधित आहे. दक्षिण आफ्रिकेतील वास्तुविशारद हेर्मान कालेनबाख हे स्वतः कसलेले व्यायामपटू होते. गांधीजींबरोबरच्या त्यांच्या पत्रव्यवहारात एक जण 'वरिष्ठ सभागृह' आणि दुसरा 'कनिष्ठ सभागृह' होता. या दोन सभागृहांनी १९११ मध्ये लटक्या गांभीर्याने एक करारही केला. १९३७ मध्ये कालेनबाख सेगावास येऊन राहिले. जोसेफ लेलिव्हेल्ड यांच्या २०११ च्या ग्रंथाने या नात्याची चर्चा केली, तेव्हा एका बाजूने पुरावा सापडल्याचा गलबला झाला आणि दुसऱ्या बाजूने गुजरातेत ग्रंथावर बंदी आली. पत्रांची भाषा मात्र दोन्ही बाजूंनी वाचावयाची राहिली. दोन प्रौढ पुरुष आपली ओढ सांगण्यासाठी संसदेचा खेळ मांडतात, ही यातील वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण बाब होय. त्या ओढीला काय म्हणावे, हा वाद बाजूला ठेवला तरी एवढे दिसते की थेट शब्द उपलब्ध नसला की निकटता एखाद्या नियमबद्ध खेळाचा आश्रय घेते. खेळाडूंच्या प्रेमकथेचा रूपबंध समजून घेण्यास हे निरीक्षण पुरेसे आहे.

३

इंग्रजीत या प्रेमकथेची एक परंपरा आता स्थिर झाली आहे. पॅट्रिशिया नेल वॉरन यांच्या 'द फ्रंट रनर' (१९७४) या कादंबरीत धावपटू आणि त्याचा प्रशिक्षक यांचे प्रेम आहे. धावपटूची ऑलिंपिकच्या धावपट्टीवर हत्या होते. रेचल रीड यांच्या 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) मध्ये बर्फावरील हॉकीचे दोन प्रतिस्पर्धी वर्षानुवर्षे गुप्तपणे भेटत राहतात. २०२५ मध्ये तिच्यावरून कॅनडात दूरचित्रवाणी मालिका तयार झाली आणि हे कथानक फार मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचले. पहिली शोकान्त आणि दुसरी सुखान्त असली तरी दोहोंची यंत्रणा एक आहे. पहिलीत गुरू-शिष्याचे आणि दुसरीत प्रतिस्पर्ध्यांचे नाते आधीच समाजमान्य असते. प्रेम त्या नात्याच्या आत शिरून वाढते. भेटण्याला कारण असते, परस्परांच्या शरीराकडे निरखून पाहणे हा धंद्याचा भाग असतो, दुसऱ्याचा विचार करीत रात्र जागून काढणे हीसुद्धा सामन्याची तयारी ठरते. ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक यांनी 'बिट्वीन मेन' (१९८५) मध्ये दोन पुरुषांच्या वैरातील भावबंध प्रेमाइतकाच घट्ट असू शकतो हे दाखवून दिले. या कादंबऱ्या त्या सिद्धान्ताचे कथारूप होत. येथे स्पर्धा हा प्रेमाच्या आड येणारा अडथळा भासतो, पण वस्तुतः तोच त्याचा आडोसा असतो.

दोघांचे खेळ वेगळे केले की हा आडोसा कोसळतो. नागपूर-वर्धा मार्गावरील जामठ्याच्या मैदानावर २००८ पासून कसोटी सामने झाले; तेथेच विदर्भाने २०१८-१९ आणि २०२४-२५ च्या रणजी करंडकाचे अंतिम सामने खेळून करंडक मिळविला. त्याच मार्गाने पुढे वर्धा आणि तेथून देवळी लागते, जेथे कुस्तीची ओढ अद्याप जिवंत आहे. या रस्त्याच्या एका टोकाला फलंदाज आणि दुसऱ्या टोकाला पैलवान कल्पिला, तर त्यांना भेटण्यासाठी कोणताच सामना नाही. एकाने दुसऱ्याला हरविण्याचा प्रश्न नाही. एकाचा हंगाम रणजीच्या वेळापत्रकाने आणि दुसऱ्याचा जत्रांच्या फडांनी ठरतो. त्यांनी भेटावयाचे तर केवळ भेटण्यासाठी भेटावे लागेल, आणि ते कोणालाही समजावून सांगता येणार नाही.

स्पर्शाचे व्याकरणही दोन्ही खेळांत निराळे आहे. कुस्तीत स्पर्श हाच खेळ आहे. क्रिकेटमध्ये दोन प्रतिस्पर्ध्यांत बावीस यार्डांची खेळपट्टी असते आणि फलंदाज पॅड, हातमोजे, शिरस्त्राण यांच्या आड उभा असतो. ज्याला स्पर्शाची इतकी सवय आहे की त्यात काही सांगण्यासारखे उरलेले नाही, असा एक नायक आणि ज्याच्या पेशात स्पर्श अपवादानेच घडतो असा दुसरा. एका साध्या हस्तांदोलनाचे दोघांसाठी दोन अर्थ होतील. मोडलेले कान ही पैलवानाची आखाड्यातली प्रतिष्ठा असते. क्रिकेटपटूला प्रथम ती जखम वाटेल. परक्या खेळाने घडविलेले शरीर वाचावयास शिकणे, हेच या प्रेमकथेचे मूळ कार्य ठरते. एकाच खेळातल्या प्रेमिकांना परस्परांचे शरीर पाठ असते. येथे ते अनोळखी लिपीसारखे समोर येते.

सू बर्ड ही बास्केटबॉलपटू आणि मेगन रॅपिनो ही फुटबॉलपटू यांचा परिचय २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या वेळी झाला, २०१७ मध्ये त्यांचे नाते जाहीर झाले आणि २०२० मध्ये त्यांचा वाङ्निश्चय झाला. या नात्यात वैराचे नाट्य मुळीच नव्हते. क्रीडाजगतात पुरुषांच्या अशा जोडीचे इतके सार्वजनिक उदाहरण दिसत नाही, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. जस्टिन फॅशनू या इंग्लिश फुटबॉलपटूने १९९० मध्ये आपली समलैंगिकता जाहीर केली आणि १९९८ मध्ये जीवन संपविले. स्टीव्हन डेव्हिस याने २०११ मध्ये ती जाहीर केल्यावरही इंग्लंडमधील कौंटी क्रिकेट तो पुढे खेळत राहिला. या दोन टोकांमध्ये काळ बदलला. परंतु दोन्ही कथा एकेका पुरुषाच्या प्रकटीकरणाच्या आहेत. प्रकटीकरणाची कथा समाजाला उद्देशून असते. प्रेमकथा एकमेकांना उद्देशून असते. मराठीत समलैंगिकतेविषयी झालेल्या लेखनाचा बराचसा भार आजवर पहिल्या प्रकारावर पडलेला आहे.

४

मराठीपुढची खरी अडचण येथून सुरू होते. पुरुषाने पुरुषासाठी झुरण्याची भाषा या साहित्यात नाही, असे म्हणता येत नाही. संतांच्या विरहिणी ती भाषा बोलतात. पण तेथे बोलणाऱ्या पुरुषाला स्त्रीचा आवाज घ्यावा लागतो. विठ्ठलापुढे हा रूपपालट उदात्त होतो. मात्र ज्या दोन पुरुषांचा सारा व्यवसायच पौरुषावर उभा आहे, त्यांच्यापैकी एकाला ओढ व्यक्त करण्यासाठी स्त्री होण्यास सांगणे म्हणजे प्रेमकथा जुन्या साच्यात परत लोटणे होय. 'प्रियकर' आणि 'प्रेयसी' ही नामांची जोडी तेच करते.

आधुनिक लेखकांनी या अडचणीतून वाटा काढल्या त्या लक्षणीय आहेत. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) या नाटकात दोन स्त्रियांचे नाते आहे. परंतु नायिका सुमित्रा हिचे 'मित्रा' हे संक्षिप्त नाव षष्ठीत आले की पुरुष मित्र आणि ही स्त्री यांतील भेद पुसला जातो. शीर्षकाने व्याकरणाच्या आडून साधलेले हे धाडस आहे. सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू' (२००६) मध्ये तनय हा निघून गेलेल्या पाहुण्याला 'तू' म्हणून संबोधित राहतो. या द्वितीयपुरुषी निवेदनाला विरहाची आर्तता आहेच. शिवाय 'त्याने त्याचा हात धरला' या वाक्यात मराठीची जी कोंडी होते तीही त्याने टळते. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत 'तो' आणि 'ती' ही सर्वनामे निवेदनाचा निम्मा भार मुकाट्याने वाहतात. दोन पुरुषांच्या कथेत हा भार कोणी वाहावयाचा? कुंडलकरांनी एका पुरुषाला अनुपस्थित ठेवून उत्तर शोधले. मात्र दोघेही उपस्थित आहेत, दोघेही बोलत आहेत, अशी कथा या मार्गाने सांगता येत नाही.

दोन भिन्न खेळांचा रूपबंध नेमका येथे साहाय्यास येतो. त्याने स्पर्धेची सबब काढून घेतली, त्या बदल्यात तो सर्वनामांची कोंडी फोडतो. 'पैलवान' आणि 'फलंदाज' ही नामे दोघांना वेगळे ठेवतात, तेही कोणाला स्त्रीच्या जागी न ढकलता. भेदाचा अक्ष लिंगावरून पेशावर सरकतो. त्याबरोबर त्या पेशांचे अर्थकारणही निवेदनात येते. पैलवानाचा चरितार्थ फडातील इनाम, गावचा आश्रयदाता आणि पोलीस वा रेल्वेतील नोकरी यांवर असतो. क्रिकेटपटूचा करार आणि लिलाव यांवर. पैलवानाची अब्रू गावाने जपलेली असते आणि गावच ती काढून घेऊ शकते. क्रिकेटपटूची प्रतिमा बाजाराने घडविलेली असते. गमावण्याची भीती दोघांनाही आहे, पण ती एकच भीती नाही. प्रेमकथेला लागणारा अडथळा येथे बाहेरून आणावा लागत नाही; तो दोघांच्या पोटापाण्यातच असतो.

५

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ चा प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना लागू होणारा भाग रद्द ठरविला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. म्हणजे आज अशा दोन पुरुषांचे प्रेम हा गुन्हा नाही आणि संसारही नाही. 'जोड' आणि 'जोडी' यांमधील अंतर कायद्यानेही तसेच ठेवले आहे. या अंतरात काय घडते, हे सांगणे कादंबरीचे काम होय.

त्यासाठी लागणारी भाषा बोलींत शिल्लक आहे, ही बाब दुर्लक्षित राहिली आहे. शृंगाराचा थोर कवी पु. शि. रेगे १९६९ मध्ये वर्ध्याच्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि २०२३ मध्ये शहाण्णवावे संमेलनही येथेच भरले. तरी प्रमाण मराठीतील शृंगाराची परिभाषा स्त्रीदेहाभोवतीच घोटाळत राहिली. याउलट वऱ्हाडी-नागपुरी बोलीत पुरुष पुरुषाला 'गड्या' म्हणतो, 'काय बे' म्हणतो. 'बे' हा शब्द परक्याला लावला तर शिवी ठरतो आणि जवळच्याला लावला तर माया. तो कोणत्या स्वरात उच्चारला यावर अर्थ ठरतो आणि तो स्वर ऐकणाऱ्यालाच कळतो. तिसऱ्याच्या देखत बोलूनही गुप्त राहणारी अशी भाषा प्रेमकथेला क्वचितच लाभते.

देवळीचा पैलवान जामठ्याच्या फलंदाजाला पहिल्या भेटीत 'तुम्ही' म्हणेल, कारण पैसा आणि प्रसिद्धी यांचे अंतर मध्ये आहे. तो 'तू' वर केव्हा येतो आणि 'बे' वर केव्हा, एवढ्या प्रवासावर एक मोठी कादंबरी उभी राहू शकते. त्या प्रवासात एकदाही कोणाला 'प्रियकर' म्हणावे लागणार नाही आणि वाचकाला संदेहही उरणार नाही.