खोट्या नावाचा दिलासा

लिंडसी व्हॅन गेल्डर या अमेरिकन पत्रकर्तीचा एक दीर्घ लेख ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकात प्रसिद्ध झाला. संगणकावरून अनोळखी माणसांशी संवाद साधताना पुरुषाने स्त्रीचे अथवा स्त्रीने पुरुषाचे सोंग घेणे, या विषयावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. तरी आम्हांस हाच लेख अधिक मोलाचा वाटतो. ज्यांची मुले रात्री उशिरापर्यंत पडद्यावर कुणाशी तरी ‘बोलत’ बसतात, अशा आईवडिलांनी तो समजून घ्यावा.

हकिगत अशी. १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘कॉम्प्युसर्व्ह’ या संगणकसेवेवर ‘जोन’ नावाची स्त्री वावरत असे. मोटार-अपघातात आपली वाचा गेली, चेहरा विद्रूप झाला, आपण चाकाच्या खुर्चीला खिळलो, असे ती सांगे. वाचा नाही म्हणून दूरध्वनी नाही. चेहऱ्याची लाज म्हणून भेट नाही. उरला तो टंकलिखित शब्द. त्या शब्दाने तिने कित्येक स्त्रियांना आधार दिला. अपंग स्त्रियांना तर तिच्या जिद्दीने विशेष उभारी आली. पुढे उघडकीस आले, की जोन नव्हतीच. न्यूयॉर्कमधील पन्नाशीतला एक नावाजलेला मानसोपचारतज्ज्ञ तिच्या नावाने लिहीत होता. लेखात त्याला ‘अॅलेक्स’ म्हटले आहे. स्त्रियांची आपसांतली जिव्हाळ्याची मैत्री त्याला अनुभवायची होती म्हणे! पण तो तेवढ्यावर थांबला नाही. जोनने आपल्या एका मैत्रिणीची गाठ खऱ्या अॅलेक्सशी घालून दिली आणि त्यातून प्रेमप्रकरण घडले.

(इंग्रजीत हे सोंग सोपे. मराठीत ‘आलो’ की ‘आले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. प्रत्येक क्रियापद नव्याने खोटे बोलते.)

लेखिका स्वतः जोनशी बोललेली होती, तरी ती सूडाने लिहीत नाही. आपल्या मनावर बलात्कार झाला असे म्हणणाऱ्या स्त्रीला ती ऐकते. मात्र ती म्हणते, की तंत्रज्ञान फसवणुकीपासून आपले रक्षण करू शकत नाही हे कळले आणि आमचा भाबडेपणा लोपला. हा निष्कर्ष आम्हांस तोकडा वाटतो. आंधळ्या इसहाकाला फसवायला करडाची कातडी पुरली होती. यंत्राचा येथे प्रश्नच नाही. खरा प्रश्न असा, की त्या स्त्रियांना मिळालेला दिलासाही खोटाच होता काय?

ख्रिस्तसभेला हा प्रश्न अपरिचित नाही. दोनातपंथीयांशी वाद घालताना संत ऑगस्टीनने प्रतिपादिले, की धर्मगुरू अपात्र असला तरी त्याच्या हातून झालेला स्नानसंस्कार फोल ठरत नाही. कारण खरा दाता ख्रिस्त आहे. अॅलेक्सला हे कवच मिळत नाही. त्याच्या शब्दामागे त्याच्यावाचून कुणीही उभे नव्हते. परंतु त्या शब्दाने ज्या स्त्रिया उठून उभ्या राहिल्या, त्यांचे धैर्य त्यांचे स्वतःचे होते. ते अॅलेक्सने दिलेले नव्हते, म्हणून त्याच्याबरोबर ते जातही नाही. चोरी झाली ती त्यांच्या गुजगोष्टींची.

सोंग घेणारा प्रत्येक जण असा चोर नसतो. शेरी टर्कल यांच्या ‘लाइफ ऑन द स्क्रीन’ (१९९५) या ग्रंथात एक तरुण संगणकावरील खेळात जवळजवळ वर्षभर मादी बेडूक होऊन वावरतो आणि वाट चुकलेल्या नवख्यांना मदत करतो. पुरुषांमधल्या चढाओढीविना मदत करता यावी, अशी त्याची इच्छा. तेथे सारेच मुखवटे घालून आलेले असतात आणि हे सर्वांस ठाऊक असते. पापनिवेदनाच्या जाळीआडही चेहरा दिसत नाही. आपण कोण हे झाकण्याची मुभा तेथे मन उघडे करणाऱ्याला आहे. ऐकणाऱ्याने आपण दुसराच कुणी असल्याचे भासवले तर मात्र सारा व्यवहारच कोसळेल. अॅलेक्स ऐकणाऱ्याच्या जागी बसला होता, आणि व्यवसायाने त्याला त्या जागेचे मोल ठाऊक होते.

लेखात त्या अपंग स्त्रियांना आणखी चार परिच्छेद मिळायला हवे होते. जोन गेल्यावर त्यांनी एकमेकींना काय लिहिले, हे आम्हांस प्रेमप्रकरणापेक्षा अधिक वाचावेसे वाटले.