पेशी लबाड असते का?

कर्करोग म्हणजे पेशींची अनिर्बंध वाढ, ही व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. पण औषधाने जवळजवळ नाहीशी झालेली गाठ काही महिन्यांनी अधिक चिवट होऊन का परतते, हे त्या व्याख्येतून कळत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठातील अथीना अक्टिपिस यांचे ‘द चीटिंग सेल’ (२०२०) हे पुस्तक याचे उत्तर उत्क्रांतीत शोधते.

शरीर हा सुमारे ३० लाख कोटी पेशींचा सहकारी संसार आहे. गरजेपुरतेच विभाजन, वेळ आल्यावर मरण, अन्नाची वाटणी, कामांची विभागणी आणि परिसराची निगा हे त्याचे नियम. ते मोडणाऱ्या पेशीची प्रजा शरीरात वाढते, म्हणजे नैसर्गिक निवड शरीराच्या आतही चालते. पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्येच गाठीच्या वाढीकडे असे पाहिले होते. अक्टिपिस हा विचार सर्व बहुपेशीय सजीवांपर्यंत नेतात. हत्ती एवढा मोठा, तरी त्याला कर्करोग क्वचितच का होतो? बिघडलेल्या पेशीला आवरणाऱ्या टीपी५३ या जनुकाच्या माणसात दोन, तर हत्तीत सुमारे चाळीस प्रती असतात, हे त्याचे एक संभाव्य कारण. पुस्तकाचा हा भाग आम्हाला सर्वांत सरस वाटला.

आमचा आक्षेप शीर्षकातल्या शब्दावर आहे. ‘लबाडी’ ही सहकार्याच्या अभ्यासातली रूढ परिभाषा आहे, हे मान्य. पण वर्गात तो शब्द आला की पेशीला हेतू चिकटतो. मग ‘पेशी औषधाला चकवायला शिकते’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत उतरते. पेशी शिकत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या पेशी बहुधा गाठीत आधीपासूनच असतात. बाकीच्या मेल्या की त्यांना मोकळे रान मिळते.

कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर फवारणी वाढवत नेली, तसतशी कीटकनाशके निकामी होत गेली. त्यावरून धडा घेऊन फ्लोरिडातील मॉफिट केंद्राच्या रॉबर्ट गेटनबी यांनी वेगळी उपचारपद्धती सुचवली. औषधाला बळी पडणाऱ्या काही पेशी मुद्दाम राखायच्या, म्हणजे त्या चिवट पेशींना आवर घालतील. पुरःस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ११ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या निम्म्याहून कमी औषधात रोग अधिक काळ आटोक्यात राहिला.

येथे शिक्षकांनी विशेष जपावे. अकरा रुग्ण म्हणजे फार थोडे, आणि चिठ्ठ्या टाकून तुलनेसाठी दुसरा गट निवडलेला नव्हता. औषध थांबवले जाई ते रक्ततपासणी पाहून, डॉक्टरांच्या निर्णयाने. शिवाय वृषणाचा कर्करोग किंवा मुलांमधील रक्ताचा कर्करोग पूर्ण उपचाराने बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. ‘कमी औषध बरे’ एवढेच ऐकून कुणी उपचार अर्ध्यावर सोडला, तर ते जिवावर बेतेल. गावात अशा वेळी सल्ला विचारला जातो तो बहुधा शिक्षकालाच.

पुस्तक वाचनालयात जरूर ठेवावे. नैसर्गिक निवड शिकवताना गाठीचे उदाहरण घ्यावे, आणि ‘पेशी औषधाला चकवते’ हे वाक्य पेशीला कोणताही हेतू न चिकटवता पुन्हा लिहायला विद्यार्थ्यांना सांगावे. ते ज्याला जमले, त्याला धडा समजला असे आम्ही म्हणू.