फिल्म 'खरी' असते म्हणजे काय?

फिल्म कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या कुणालाही विचारून बघा, 'का रे बाबा?' उत्तरं ठरलेली असतात. रंग वेगळे येतात, दाणा छान दिसतो, आणि सगळ्यात लाडकं उत्तर म्हणजे 'फिल्म खरी असते'. ओढ आहे हे तर दिसतंच. कोडॅकने 2012 मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम 2018 मध्ये परत आणली, पेंटॅक्सने 2024 मध्ये नवा कोरा फिल्म कॅमेरा काढला. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आक्षेप आहे तो 'खरी' या शब्दावर. तुम्ही उद्या संशोधनात येणार, म्हणून हा शब्द जरा तपासून घेऊ.

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की कणात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. साधारण चार अणूंचा पुंजका जमला तरी डेव्हलपर त्या अख्ख्या कणाची चांदी करून टाकतो. रसायनशास्त्र म्हणून हे अफाटच आहे! पण मोजमाप म्हणून? फिल्मवर पडलेल्या शंभर फोटॉनपैकी जेमतेम एक-दोन कामी येतात, चांगल्या सीसीडीत ऐंशीच्या पुढे. शिवाय प्रकाश दुप्पट केला म्हणून काळेपणा दुप्पट होत नाही. हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी 1890 मध्येच त्याचा वक्र आलेख मांडला होता. अंधुक उजेडात लांब एक्स्पोजर दिलं तर फिल्म आणखी आळशी होते. डार्करूममध्ये आकाश गडद करणं तर फोटोशॉपच्या कितीतरी आधीचं. आणि आज बहुतेक रोल धुतल्यावर स्कॅन होऊन फोनवरच बघितले जातात, म्हणजे तो खरेपणाही शेवटी सेन्सरमधूनच येतो.

छत्तीसच फोटो असल्यामुळे विचार करून बटण दाबावं लागतं, हेही कारण सांगतात. ते बरोबर आहे, पण ही शिस्त माणसाची, फिल्मची नाही. महागडं सॅम्पल एकदाच वापरता येणार असेल तर तीच शिस्त लागते.

मला पटणारं कारण वेगळंच आहे. निगेटिव्हच्या पट्टीवर हललेला, डोळे मिटलेला, बोट आलेला फोटो चांगल्या दोन फोटोंच्या मध्ये तसाच बसून राहतो. क्रम बदलत नाही, नको ते गळत नाही. फोनवर वीसातले एकोणीस आपण तिथल्या तिथे उडवतो.

यातून काय वाचतं त्याचं एक उदाहरण देतो. खगोलशास्त्रात हेच रसायन काचेच्या प्लेटवर वापरत. 1917 मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी माउंट विल्सन वेधशाळेत व्हॅन मानेनच्या ताऱ्याचा वर्णपट अशा एका प्लेटवर घेतला. हा श्वेतबटू तारा. जवळजवळ शंभर वर्षांनी जे फारिही यांनी ती प्लेट कार्नेगीच्या संग्रहातून मागवली, तर तिच्यावर कॅल्शियमच्या रेषा होत्या! श्वेतबटूत जड मूलद्रव्यं ताऱ्याच्या मानाने झटकन आत बुडतात. ती पृष्ठभागावर दिसतायत म्हणजे बाहेरून सतत काहीतरी पडतंय, ग्रहमालेतला मलबा. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रहमाला असल्याची ही बहुधा सर्वांत जुनी नोंद, आणि 1917 मध्ये कुणी ती शोधतही नव्हतं.

मात्र याचं श्रेय सगळं चांदीला देऊ नका. प्लेट कुठल्या ताऱ्याची, कधीची, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं आणि कुणीतरी ती सांभाळली होती. तारीख नसलेल्या निगेटिव्हनी भरलेला बिस्किटांचा डबा घरोघरी सापडेल, त्याचा संशोधनाला शून्य उपयोग. उलट सेन्सरची मूळ फाइल जपली तर तीही शंभर वर्षांनी तशीच वाचता येईल. अडचण इतकीच, की डिलीट करायला एक क्षण लागतो आणि प्लेट फेकायला निदान खुर्चीतून उठावं लागतं.

तेव्हा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचा फोल्डर उघडून बघा. रिपोर्टात छापलेल्या आकृत्यांच्या फाइल्सशिवाय त्यात आणखी काही उरलंय का?