बालपणीचे आघात आणि प्रौढ मन : ‘बलुतं’ व ‘अंतःस्फोट’ यांच्या आधारे

बालपणी सोसलेल्या आपत्तींचा प्रौढ वयातील मनःस्वास्थ्याशी कोणता संबंध असतो, हा प्रश्न सामान्यतः मानसशास्त्राच्या कक्षेतला मानला जातो. परंतु मराठी आत्मकथनांच्या अभ्यासकालाही तो टाळता येण्यासारखा नाही. १९९८ मध्ये फेलिटी, अँडा व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, लैंगिक अत्याचार, मातेचा छळ, घरातील व्यसन, मनोविकार इत्यादी सात प्रकारच्या आपत्ती त्यांनी मोजल्या. चार वा अधिक प्रकार वाट्यास आलेल्यांमध्ये मद्यासक्ती, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही प्रकार न अनुभवलेल्यांच्या तुलनेने, चार ते बारा पटींनी अधिक आढळला.

या निष्कर्षाचे महत्त्व निर्विवाद आहे. विचार करावयाचा तो त्यातील मापाचा. ही मोजदाद प्रामुख्याने घराच्या उंबरठ्याच्या आत चालते. दया पवार यांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) बापाचे दारूचे व्यसन या मापात सहज बसते; परंतु त्या व्यसनाभोवतीचे मुंबईच्या कावाखान्यातील कोंदट जिणे, किंवा गावातील महारकी आणि बलुत्यासाठी पसरावे लागणारे हात, यांसाठी त्यात रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नंतरच्या प्रश्नावलीत वस्तीतील व सामूहिक हिंसाचाराविषयी प्रश्न आले, हे खरे. तथापि नित्याचा अवमान हिंसाचाराच्या व्याख्येत पूर्णपणे मावत नाही.

नागपूरच्या कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) या दृष्टीने अधिक बोलके आहे. येथे घर हे आघाताचे स्थान नसून आधाराचे स्थान आहे. शिक्षणाची ओढ तेथे जोपासली जाते. आघात होतो तो बाहेर. मुंजीचा सोहळा दुरून पाहणाऱ्या लहान मुलीला जातीचा उच्चार करून झिडकारले जाते. पुढे ही मुलगी संस्कृतची प्राध्यापिका होते. पण जखम भरून येत नाही. दलित स्त्री संस्कृत शिकविते याचे लोकांना वाटणारे कौतुकमिश्रित नवलच तिला पुन्हा डिवचते. नोकरी मिळते तीही आंतरजातीय विवाहानंतरच्या आडनावाने, माहेरच्या नव्हे, ही जाणीव तिला सलत राहते. बालपणीचा आघात ही केवळ भूतकाळातील घटना नसून, प्रौढ जीवनात समाज तिची पुनरावृत्ती करीत राहतो, हे सत्य कोणत्याही बेरजेतून हाती येणारे नाही.

दुसरा प्रश्न स्मृतीचा. १९९८ च्या अभ्यासातील प्रौढांनी आठवून उत्तरे दिली होती. आत्मकथनकारही आठवूनच लिहितो. बालपणीच नोंदविलेले अत्याचार आणि पुढे आठवून सांगितलेले अत्याचार यांत फारसा मेळ नसतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून २०१९ मध्ये दिसून आले. शास्त्रज्ञाला ही अडचण वाटेल. समीक्षकाला मात्र तीच अभ्यासाची सामग्री होय. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे हे दोन भाग परस्परांसमोर बसतात. सुशिक्षित, प्रतिष्ठित प्रौढाला ज्या नावाची लाज वाटत आली, तेच नाव येथे बोलू लागते. ही रचना केवळ निवेदनाची क्लृप्ती नव्हे. दुभंगलेल्या मनाने स्वतःस न्याहाळण्यासाठी शोधलेला तो मार्ग आहे. आठवण कितपत अचूक, यापेक्षा ती कोणाकडून कोणाला सांगितली जात आहे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

अर्थात या ग्रंथांना रुग्णाचे टिपण समजणे अनुचित होईल. लेखकाचे निदान करणे हे समीक्षकाचे काम नव्हे. तितकीच घातक दुसरी प्रवृत्ती आहे : एवढे सोसूनही माणूस उभा राहिला, अशी वाहवा करून सोसावयास लावणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडणे. कुमुद पावडे यांना बोचणारे कौतुक याच जातीचे होते. उभे राहणे म्हणजे बरे होणे नव्हे, हा भेद या दोन्ही ग्रंथांनी सूक्ष्मपणे जपला आहे. मानसशास्त्राने प्रश्नावलीत अवमानाचा रकाना अवश्य घालावा. परंतु त्या रकान्यात नेमके काय लिहावयाचे, हे त्याला या आत्मकथनांकडूनच शिकावे लागेल.